कॉलरच्या आतली खूण

घरात एक माणूस आजारी असलं की उरलेली सगळी माणसं डॉक्टर होतात. तुमच्याही घरी झालं असेल हे. त्याने काय खावं, कधी झोपावं, कुठे बसावं, सगळं आपण परस्पर ठरवून टाकतो. त्याला स्वतःला काय हवंय हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही! आणि सुचलं तरी उत्तर ऐकायला थांबतो कोण?

ही गोष्ट अशाच एका घराची आहे. खाली लाँड्री, वर बिऱ्हाड. लाँड्री अण्णांची. अण्णा म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस, कपड्यांनीही आणि बोलण्यानेही. आई खिडकीशी मशीन घेऊन बसायची आणि लोकांची तुटलेली बटणं, उसवलेल्या शिवणी नीट करायची. थोरला मुलगा नोकरीपायी दुसऱ्या शहरात गेलेला. उरली मुलगी. ती पस्तिशीला आली तरी घरात आणि दुकानात सगळ्यांसाठी धाकटीच होती.

धाकटीकडे काम होतं डाग काढायचं. कपडा हातात आला की ती आधी तो उजेडात धरायची, मग डागावरून बोट फिरवायची, मग चक्क वास घ्यायची.

"अण्णा, हा चहा नाही. खोकल्याचं औषध आहे. गिऱ्हाईक थाप मारतंय."

"अगं, तू डाग काढ. त्याची चौकशी कशाला करतेस?"

"कशाचा आहे ते कळल्याशिवाय काढू कसा?"

पोर लहानपणापासून अशीच चौकस. डाग निघाल्याचा आनंद अण्णांना व्हायचा आणि तो कशाचा होता हे कळल्याचा धाकटीला.

मात्र वाफेच्या इस्त्रीपाशी तिला जाऊ देत नसत. त्याला कारण होतं. धाकटीला फिट यायची. कॉलेजात असताना पहिल्यांदा आली, मग औषधं सुरू झाली, ती लागू पडली आणि आता वर्ष-वर्षभर काही त्रास नसायचा. पण घरातला नियम पक्का होता. बाहेर अवाक्षर काढायचं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर 'तिला जरा अशक्तपणा आहे' एवढंच सांगायचं. इतकी वर्षं हा अशक्तपणा सांभाळून ठेवला होता त्यांनी, आणि धाकटी तर दोन-दोन ब्लँकेटं एका हाताने उचलायची!

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, "नुसती बसून राहू नकोस. चाल, पळ, अंग हलतं ठेव." उन्हाळ्यात तिला जमेना, उन्हाने जीव नकोसा व्हायचा. थंडी पडली आणि एका सकाळी ती बूट घालून बाहेर पडली. तेव्हापासून थंडी आली की धाकटी पळायला निघायची. लोक पांघरूण डोक्यावर ओढून घेतात अशा वेळी ही बाई कान झाकून, नाकातून वाफा सोडत रस्त्याला लागायची आणि परत यायची ती लाल नाकाने, हसत.

अण्णांना हे कोडंच होतं.

"पडलीस रस्त्यात तर?" ते रोज विचारायचे.

"पडले तर उठेन."

"आणि कुणी बघितलं तर?"

वाचकहो, हा दुसरा प्रश्न नीट ऐका. पहिल्या प्रश्नात मुलीची काळजी होती. दुसऱ्यात कुणाची होती? धाकटीला ते कळायचं. ती बुटांची नाडी घट्ट करायची आणि निघायची.

एके दिवशी डॉक्टरीणबाई आपले पांढरे कोट न्यायला दुकानात आल्या. काउंटरवर दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. बाईंचा आवाज मूळचाच खणखणीत.

"काय गं धाकटे, पळणं चालू आहे ना? गोळ्या वेळेवर? मध्ये परत फिट..."

"बाई, तुमचे कोट तयार आहेत!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की एक गिऱ्हाईक दचकून मागे सरलं.

अण्णांनी बाईंना मागच्या खोलीत नेलं. तिथे आई बटणं निवडत बसली होती.

"अहो, चारचौघांत काय बोलता बाई!"

"काय बोलले मी? ज्याला शुगर आहे तो ओळख नसली तरी आपली शुगर सांगतो. ज्याचे गुडघे दुखतात तो तर थांबवता थांबत नाही. हिचाच आजार काय चोरीचा माल आहे?"

"ते वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

अण्णा कोटाची घडी पुन्हा घालू लागले. ती आधीच नीट होती.

"बरं, राहिलं," बाई म्हणाल्या. "निदान एवढं तरी करा. ही एकटी पळते. कधी पडलीच तर आजूबाजूच्या माणसांना काय करायचं ते कळायला हवं. तिच्या कपड्यांवर लिहिलेलं असू दे."

हे अण्णांना एकदम पटलं. कपड्यावर लिहिणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ! लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याला कापडी खूण लागते, म्हणजे एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी जात नाही. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं आणि शाई अशी की कितीही धुतली तरी हलायची नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी पांढऱ्या फितीचा हातभर तुकडा कापला, चष्मा लावला आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं.

"सदर व्यक्तीस फिट येण्याचा त्रास आहे. तशी आल्यास उपस्थितांनी घाबरून जाऊ नये. व्यक्तीस अलगद कुशीवर वळवावे. तोंडात काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कृपया खालील क्रमांकावर कळवावे. आपले कृपाभिलाषी..."

"अहो, ही काय लग्नपत्रिका आहे?" आई म्हणाली. "कृपाभिलाषी कसले!"

धाकटी हसून हसून खुर्चीवरून खाली यायची बाकी राहिली. शेवटी कृपाभिलाषी तेवढं कापलं आणि आईने ती फीत तिच्या पळायच्या जॅकेटला बारीक टाक्यांनी शिवून टाकली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. छान बसली होती. तिघांनाही हायसं वाटलं.

तरी अण्णांचं कोडं काही सुटलं नव्हतं. हिला थंडीत पळून मिळतं काय? एका सकाळी ते पडदे पोचवायचं निमित्त काढून तिच्या मागोमाग निघाले. शाळेचे पडदे अगदी पहाटे कुणी मागत नाही, पण निमित्ताला काय, ते कसलंही चालतं. शाळेच्या पटांगणाशी एका झाडाआड ते उभे राहिले. धुकं होतं. गवत पांढरं पडलं होतं. थंडीने अण्णांची दातखीळ बसायची वेळ आली.

धुक्यातून धाकटी आली. फार जोरात पळत नव्हती. पावलं मात्र एका लयीत पडत होती. कोपऱ्यावर येताच ती थांबली, दोन्ही तळवे गालांवर ठेवले, मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटली. मग पुन्हा पळू लागली. पुढच्या फेरीलाही तेच. अण्णा पडद्यांचं गाठोडं पोटाशी धरून बघत राहिले. काय बोलते ही? कुणाशी बोलते?

दुपारी डाग काढताना त्यांनी विचारलंच.

"त्या कोपऱ्यावर तू काय पुटपुटतेस गं?"

धाकटीने चमकून वर पाहिलं. "म्हणजे पडदे शाळेचे नव्हतेच तर!"

"शाळेचेच होते. सांग ना, काय म्हणतेस?"

ती थोडी लाजली. हातातला ब्रश खाली ठेवला.

"अण्णा, निघाले की आधी नाक जळतं. मग कान दुखतात. वाटतं, कशाला आले, परत फिरावं. आणि मग त्या कोपऱ्यावर कधीतरी आतून एकदम ऊब येते. पाय म्हणाल तिकडे जातात, श्वास सांगाल तसा चालतो. माझं अंग माझं ऐकतं, अण्णा. तुम्हाला यात काय वाटणार? तुमचं रोजच ऐकतं. माझं कधी मला न विचारता निघून जातं, आणि मी जमिनीवर जागी होते तेव्हा सगळे माझ्याकडे बघत असतात. म्हणून ज्या दिवशी ऐकतं त्या दिवशी मी त्याला थँक्यू म्हणते. एवढंच."

अण्णा उगाच वाफेच्या इस्त्रीकडे गेले आणि तिची नळी तपासत बसले. स्वतःच्या हातापायांना आपण कधी काही म्हटल्याचं त्यांना आठवेना.

त्यानंतर आठवडाभराने नाटक कंपनीचे पोशाख आले. ढीगच्या ढीग, आणि प्रत्येक कॉलरवर रंगभूषेचे तेलकट डाग. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. अण्णांनी धाकटीला सांगितलं, "एवढे उरकून टाक बाई, नाव जाईल आपलं." धाकटीने मान डोलावली आणि उरकले. सकाळी पोशाख तयार होते, आणि धाकटी बूट घालून बाहेर पडली होती.

ती नेहमीच्या वेळेला परत आली नाही. अण्णा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. तेवढ्यात दुकानासमोर शाळेची बस थांबली आणि ड्रायव्हरने हाताला धरून धाकटीला उतरवलं. तिचा ओठ फाटला होता, पुढचा दात तुटला होता, एक खांदा तिला वर उचलता येत नव्हता. कपडे ओलेचिंब होते.

"पटांगणाशी पडल्या होत्या," ड्रायव्हर म्हणाला. "हातपाय झटकत होत्या. आम्ही चौघांनी दाबून धरलं. जीभ चावू नये म्हणून मी माझ्या डब्यातला चमचा घातला तोंडात. दात तिथेच गेला. कुणीतरी पाणी ओतलं. एक जण म्हणाला, सकाळी सकाळी दारू प्यायलीय. काका, मला काहीच कळलं नाही हो!"

आईने धाकटीला आत नेऊन कोरडे कपडे दिले, ब्लँकेटात गुंडाळलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. इकडे अण्णांचा पारा चढला.

"कळलं नाही कसं? सगळं लिहून ठेवलंय जॅकेटवर! तोंडात काही घालू नका, हातपाय धरू नका. डोळे आहेत की नाहीत तुम्हाला?"

"कुठे लिहिलंय?"

"हे काय, इथे!" अण्णांनी ओलं जॅकेट उचललं, कॉलर उलटी केली, दोन बोटांनी शिवण बाजूला सारली आणि आतली फीत बाहेर ओढून ड्रायव्हरच्या नाकासमोर धरली.

ड्रायव्हरने फीत वाचली. सगळी वाचली. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, हे आत कोण बघणार?"

अरे देवा! अण्णांच्या हातातून जॅकेट गळून पडलं. चाळीस वर्षं त्यांनी खूण आतच लावली होती. गिऱ्हाइकाला आपली खूण दिसता कामा नये, यात त्यांचा सगळा अभिमान होता. हात आपोआप आत गेला होता. आईचा गेला होता. आणि धाकटीलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण तीही याच दुकानात वाढली होती, आणि याच घरात.

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. खांदा तपासला, ओठाला औषध लावलं, दातांच्या डॉक्टरांना फोन केला. तोवर अण्णांनी स्वतःला सावरलं होतं आणि माणूस सावरला की आधी जुन्याच वाटेने जातो. ते म्हणाले, "झालं तेवढं पुरे. उद्यापासून पळणं बंद. बूट मी माळ्यावर टाकतोय."

धाकटीने डोळे मिटून घेतले. थंडीचे अजून कितीतरी दिवस बाकी होते.

"काल रात्री किती झोपलीस?" बाईंनी तिला विचारलं.

धाकटीने ब्लँकेट वर ओढून घेतलं.

"मी विचारतेय, किती झोपलीस?"

"झोपले नाही," ती पुटपुटली. "पोशाख होते ना नाटकाचे."

बाई वळल्या. "अण्णा, हिची झोप मोडायची नाही, हे मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतेय. सांगतेय की नाही? थंडीत दोन वर्षं पळाली, काही झालं नाही. एक रात्र तुम्ही जागवली आणि आज पडली. जागरणानेच आली असणार. मग आता मी काय बंद करायला सांगू? पळणं की लाँड्री?"

आई ताडकन उठली. इतकी वर्षं ती खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या शिवणी सांधत आली होती, त्या दिवशी तिचीच उसवली.

"मी सांगते काय बंद करायचं ते! हे लपवणं बंद करा! मी पण लपवलं, मी पण तोंड शिवून बसले. चार माणसं माझ्या लेकीच्या अंगावर बसली, तिला दारुडी म्हणाली, आणि त्यांची काय चूक हो? आपण सांगितलं होतं का त्यांना? फिटने तिचा एक केसही वाकडा झाला नाही. दात गेला तो चमच्याने गेला, आणि तो चमचा त्या बिचाऱ्याच्या हातात आपण दिला!"

ड्रायव्हर पोरांना शाळेत सोडून परत आला होता आणि दारात उभा होता. तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, माझ्या बसमध्ये पन्नास पोरं असतात. उद्या एखाद्याला झालं असतं तर मी पुन्हा चमचाच शोधला असता."

अण्णा खाली बसले. त्यांनी ते जॅकेट मांडीवर घेतलं. मग त्यांनी आईच्या डब्यातली कात्री उचलली आणि एकेक टाका कापून फीत मोकळी केली. फीत सुटल्यावर ते धाकटीपाशी आले.

"मला माणसांची भीती वाटायची गं," ते म्हणाले. "ती काय म्हणतील याची. तू पडलीस तर तुला उचलायला तीच येणार आहेत, हे डोक्यातच नाही आलं कधी."

धाकटीने ब्लँकेटातून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला. "बूट माळ्यावर टाकू नका," ती म्हणाली. दात तुटल्यामुळे शब्द जरा बोबडे आले आणि त्या तशा अवस्थेतही तिला हसू फुटलं.

नवी खूण अण्णांनी जॅकेटच्या पाठीवर लावली. हातभर रुंद, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत. सदर नाही, उपस्थित नाही, कृपाभिलाषी तर नाहीच. 'मला फिट येते. पडले तर कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा.' खाली दुकानाचा फोन. धाकटीने ते वाचलं आणि म्हणाली, "अजून एक ओळ राहिली." तिने स्वतः ब्रश घेतला आणि खाली लिहिलं, 'एरवी माझ्याबरोबर पळायला या.'

खांदा बरा झाला आणि बाईंनी हो म्हटलं, तेव्हा थंडी सरत आली होती, पण होती. पहिल्या सकाळी आई-अण्णा दोघंही दारात उभे राहिले. पाठीवरची अक्षरं धुक्यात शिरेपर्यंत दिसत होती. दूध टाकणाऱ्याने सायकल थांबवून ती वाचली. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी गॅलरीतून वाकून बघत होत्या. अण्णांच्या कानशिलांना घाम आला, पण ते आत गेले नाहीत. पटांगणाशी ड्रायव्हरने बसचा हॉर्न वाजवून तिला सलाम ठोकला. पुढच्या आठवड्यात शाळेची एक शिक्षिका तिच्याबरोबर पळू लागली. दुकानात कुणी कुजबुजलं नाही असं नाही, एक-दोन गिऱ्हाइकं यायचीही थांबली. पण धाकटी परत आली की अण्णा काउंटरवरूनच मोठ्याने विचारायचे, चार माणसं उभी असली तरी.

"काय गं, ऐकलं का आज?"

"ऐकलं अण्णा!"

"मग थँक्यू म्हणालीस ना?"

अशाच एका सकाळी एक बाई दुकानात आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, बाकीची गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि पिशवीतून लहान मुलाचा स्वेटर काढला. ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या मुलीच्या पाठीवर आहे ना, तसं एक लिहून मिळेल? माझ्या मुलासाठी. त्याला खेळायला जायचंय, मी पाठवत नाही." मग तिने स्वेटरची कॉलर उलटी करून दाखवली. "इथे लावा. आतून. कुणाला दिसायला नको."

अण्णांनी स्वेटर हातात घेतला. ती कॉलर, ते दोन बोटांनी शिवण सारणं, तो दबका आवाज, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. आतल्या खोलीत धाकटी कुठल्याशा डागाचा वास घेत गुणगुणत होती.

"बसा ताई," अण्णा म्हणाले. "बाकीच्या सगळ्या खुणा आम्ही आतूनच लावतो. ही एकच बाहेरून लागते."

वाचकहो, तुमच्या-आमच्या घरात अशा किती खुणा कॉलरच्या आत शिवलेल्या असतील! फिटची, दम्याची, मनाच्या आजाराची. आपल्याला वाटतं, आपण आपल्या माणसाला लोकांपासून वाचवतोय. खरं तर मदतीला धावणाऱ्या हातांना आपणच आंधळं करून ठेवतो, आणि वर आपल्या माणसाला सांगतो, घरात बस. कशाला बसेल ते? त्यालाही धुकं बघायचं असतं, त्याचंही नाक थंडीने लाल व्हायला हवं असतं. आजार सांगा. चमचा खाली ठेवा. आणि उद्या सकाळी तुमचं अंग तुमचं ऐकेल तेव्हा, फुकट मिळालं म्हणून विसरू नका, त्याला एकदा थँक्यू म्हणा.

त्या बाईचा मुलगा आता पटांगणावर असतो. धाकटी कोपऱ्यावर थांबली की तोही थांबतो, गालांवर हात ठेवतो आणि विचारतो, "मावशी, कुणाला थँक्यू म्हणायचं?"